डोकी मोजू नका, वयं मोजा: शिक्षण, लोकसंख्या आणि गरिबीचं गणित

दक्षिण कोरियात २०२३ साली एका स्त्रीमागे सरासरी ०.७२ मूल, असा आकडा आला आणि पुढच्याच वर्षी तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी ही राष्ट्रीय आणीबाणी असल्याचं जाहीर केलं. पश्चिम आफ्रिकेतल्या नायजरमध्ये (नायजेरिया नव्हे, त्याचा उत्तरेकडचा शेजारी) हाच आकडा सहाच्या आसपास आहे आणि तिथली लोकसंख्या साधारण एकवीस वर्षांत दुप्पट होते. एक देश मुलं नाहीत म्हणून धास्तावलेला, तर दुसऱ्याला असलेल्या मुलांना शाळा पुरवता येत नाहीत. गंमत अशी की १९६० च्या सुमारास कोरियातल्या स्त्रीलाही सरासरी सहा मुलं होत होती, आणि कोरियाची गणना तेव्हा गरीब देशांत होत होती.

मग मुलं कमी झाली म्हणून कोरिया श्रीमंत झाला, की श्रीमंत झाला म्हणून मुलं कमी झाली? भारतातला जननदर दोनवर आला, तरी एप्रिल २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार भारताने चीनला लोकसंख्येत मागे कसं टाकलं? आणि जवळपास सगळी मुलं शाळेत जायला लागली, तरी गरिबी का हटत नाही? या तिन्ही प्रश्नांची मुळं एकमेकांत गुंतलेली आहेत. ती सोडवायला डोकी मोजून भागत नाही. कोणत्या वयाची माणसं किती आहेत आणि त्यांना काय येतं, हे बघावं लागतं.

आधी तीन शब्द

जननदर म्हणजे एका स्त्रीला आयुष्यभरात सरासरी किती मुलं होतात तो आकडा. तो २.१ असेल तर एक पिढी आपल्या जागी तेवढीच दुसरी पिढी सोडून जाते. नेमके दोन का नाहीत? कारण जन्माला येताना मुलगे मुलींपेक्षा किंचित जास्त असतात (शंभर मुलींमागे सुमारे १०५) आणि काही मुली आई होण्याच्या वयापर्यंत जगत नाहीत. बालमृत्यू जास्त असलेल्या देशांत ही पातळी २.१ च्या बरीच वर असते.

अवलंबित्व म्हणजे कमावत्या वयाच्या माणसांवर किती जणांचा भार आहे ते. १५ ते ६४ हे कमावतं वय धरतात. त्याखालची मुलं आणि त्यावरचे वृद्ध हे अवलंबून असलेले.

अतिगरिबी जागतिक बँकेच्या रेषेवरून ठरते. जून २०२५ पासून ही रेषा माणशी रोज ३ डॉलर आहे. त्याआधी ती २.१५ डॉलर होती. हे डॉलर बाजारातल्या विनिमय दराचे नसतात. त्या त्या देशात तेवढ्या पैशांत किती वस्तू मिळतात, ते पाहून हिशोब जुळवलेला असतो. रेषा वर सरकवली की कुणाचीही परिस्थिती न बदलता गरिबांचा आकडा कागदावर वाढतो. म्हणून दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवण्याआधी रेषा एकच आहे ना, ते बघून घ्यावं. बातम्यांमध्ये ही चूक सतत होते.

शंभर माणसांचा देश

एक देश कल्पनेत घ्या. लोकसंख्या शंभर. त्यातली पन्नास माणसं कमावत्या वयाची आहेत आणि प्रत्येक जण १० एकक कमावतो. एकूण कमाई ५००, म्हणजे माणशी ५.

आता जननदर घसरला. वीस-पंचवीस वर्षांनी शंभरातली सत्तर माणसं कमावत्या वयाची झाली. कुणाचंही कौशल्य वाढलं नाही, एकही नवं यंत्र आलं नाही, प्रत्येक जण पूर्वीसारखाच १० एकक कमावतो. तरी एकूण कमाई ७०० आणि माणशी ७. म्हणजे नुसती वयांची मांडणी बदलल्यामुळे सरासरी उत्पन्न ४० टक्क्यांनी वाढलं. याला लोकसंख्या लाभांश म्हणतात. हे आकडे हवेतले नाहीत. कोरियात १९६० च्या दशकाच्या मध्याला कमावत्या वयाच्या लोकांचं प्रमाण सुमारे ५३ टक्के होतं, ते २०१० च्या दशकात ७३ टक्क्यांपर्यंत गेलं. १९६५ ते १९९० या काळात पूर्व आशियाने जी झेप घेतली, तिचा सुमारे एक तृतीयांश वाटा वयोरचनेतल्या या बदलाचा होता, असा काही अर्थतज्ज्ञांचा हिशोब आहे.

पण त्याच देशात आणखी एक गोष्ट तपासा. सत्तरातले पस्तीस पुरुष आणि पस्तीस स्त्रिया. पुरुष सगळे कमावतात, स्त्रियांपैकी मात्र तिघींमागे एकच, म्हणजे साधारण बारा जणी. कमावणारे झाले ४७. एकूण ४७०, माणशी ४.७. ज्या देशात पन्नासच्या पन्नास जण राबत होते त्याच्याही खाली! लाभांश कागदावर आला, पण हाती पडला नाही. भारताच्या श्रमबल सर्वेक्षणात १५ वर्षांवरच्या स्त्रियांचा कामातला सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झाला. वाढ मोठी दिसते. मात्र तिचा मोठा भाग ग्रामीण स्वयंरोजगाराचा आणि घरच्या शेती-धंद्यातल्या बिनपगारी कामाचा आहे, आणि अशा कामातून माणशी १० एकक येत नाहीत.

ब्रेक दाबला तरी गाडी थांबत नाही

जननदर २.१ च्या खाली गेला की लोकसंख्या लगेच घटायला लागेल, असं वाटतं. तसं होत नाही. काल जास्त मुलं जन्मली होती, त्यातल्या मुली आज आई होण्याच्या वयात आहेत. प्रत्येकीला दोनच मुलं झाली तरी आयाच संख्येने जास्त, म्हणून जन्मही जास्त. वृद्ध मात्र त्या मानाने थोडे, म्हणून मृत्यू कमी. वेगात असलेल्या गाडीसारखी लोकसंख्या ब्रेक दाबल्यानंतरही तीस-चाळीस वर्षं पुढे जात राहते. भारतात सध्या हेच चाललं आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जननदर २.० आला, वाढ मात्र चालूच आहे.

यातली एक बाजू सहसा नजरेतून सुटते, ती म्हणजे पहिलं मूल कितव्या वर्षी होतं. बाई १८ व्या वर्षी आई होत असेल तर ७२ वर्षांत चार पिढ्या होतात. २४ व्या वर्षी होत असेल तर तेवढ्याच काळात तीनच. प्रत्येकीला दोन-दोनच मुलं असली तरी एका वेळी जिवंत असलेल्या पिढ्यांची संख्या बदलते. म्हणजे मुलांची संख्या अजिबात कमी न करता, नुसतं लग्न आणि पहिलं बाळंतपण लांबलं तरी लोकसंख्येचा वेग मंदावतो. ते सगळ्यात परिणामकारकपणे कशाने लांबतं? मुलगी शाळेत टिकल्याने.

शाळेचा आणि पाळण्याचा संबंध

त्याच भारतीय सर्वेक्षणात अजिबात शाळा न शिकलेल्या स्त्रियांचा जननदर २.८ होता, तर बारावी किंवा त्याहून जास्त शिकलेल्यांचा १.८. जवळपास प्रत्येक विकसनशील देशात अशीच उतरण दिसते. वर्गात कुटुंबनियोजनाचे धडे देतात म्हणून हे घडत नाही. वाटा अनेक आहेत.

पहिली वाट साधी. जी मुलगी सतराव्या वर्षी वर्गात बसलेली आहे तिचं लग्न सहसा झालेलं नसतं.

दुसरी वाट मृत्यूची आहे, आणि बहुधा सगळ्यात मोठी. जिथे पाचातलं एक मूल दगावतं तिथे आईबाप दोन मुलांवर थांबायला धजत नाहीत. ते हाताशी जास्तीची मुलं ठेवतात. आई शिकलेली असेल तर जुलाबात काय द्यायचं, लस कधी टोचायची, दवाखान्यात कधी धावायचं हे निर्णय लवकर होतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या १७५ देशांच्या एका अभ्यासात १९७० ते २००९ या काळात पाच वर्षांखालच्या मुलांच्या मृत्यूंत झालेल्या घटीपैकी निम्म्याहून थोडा जास्त वाटा स्त्रियांच्या वाढलेल्या शिक्षणाचा धरला होता. मुलं जगतात अशी खात्री पटली की मुलं कमी होतात. क्रम हाच आहे. फक्त खात्री पटायला पंधरा-वीस वर्षं जातात आणि त्या मधल्या काळात लोकसंख्या उसळते. नायजर आत्ता त्याच टप्प्यावर आहे.

तिसरी वाट पैशाची. शिकलेल्या बाईला बाहेर कमाई मिळत असेल तर घरी बसण्याच्या प्रत्येक वर्षाची किंमत वाढते. चौथी वाट मुलांच्या बाजूने येते. मूल शेतात राबतं तोवर ते सातव्या-आठव्या वर्षापासून कमावतं हात असतं. शाळा सक्तीची झाली की तेच मूल पंधरा वर्षं खर्च होऊन बसतं. वह्या, गणवेश, प्रवास हे सगळं धरून आईबाप हिशोब करतात की चौघांना अर्धवट शिकवण्यापेक्षा दोघांना नीट शिकवू. मुलांची संख्या आणि प्रत्येक मुलावरचा खर्च यांची ही अदलाबदल अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर यांनी मांडली. जुळ्यांच्या जन्मावरून (तिथे न ठरवताच घरात एक मूल वाढतं) तिची तपासणी झाली तेव्हा तिचा परिणाम वाटला होता तितका मोठा निघाला नाही. म्हणून सगळं ओझं याच एका कारणावर टाकू नये.

"पैसा आला की मुलं आपोआप कमी होतात, शाळेचं श्रेय कसलं?"

आक्षेप रास्त आहे. श्रीमंत घरातल्या मुली जास्त शिकतात आणि त्यांना मुलंही कमी होतात. यात शाळेचं काम किती आणि पैशाचं किती, हे नुसत्या सरासरीवरून कळत नाही. ते वेगळं काढायचं तर अशी परिस्थिती शोधावी लागते जिथे शाळा बाहेरून आली, घरच्या पैशामुळे नाही.

इंडोनेशियाने १९७३-७४ पासून सहा वर्षांत तेलाच्या पैशातून ६१ हजारांहून जास्त प्राथमिक शाळा बांधल्या. जिथे शाळा कमी तिथे जास्त बांधल्या. अर्थतज्ज्ञ एस्थर डुफ्लो यांनी या प्रदेशांतली लहान मुलं आणि वय उलटून गेल्यामुळे शाळेचा लाभ न मिळालेली मोठी मुलं यांची तुलना केली. दर हजार मुलांमागे एक शाळा वाढली तर शिक्षण ०.१२ ते ०.१९ वर्षांनी आणि पुढे मजुरी १.५ ते २.७ टक्क्यांनी वाढली. आकडे लहान दिसतात, पण शाळा बांधल्या त्या भागातल्या सगळ्या मुलांची ही सरासरी आहे. त्यात शाळेत न गेलेलीही आली. नायजेरियाने १९७६ मध्ये मोफत प्राथमिक शिक्षण आणलं. त्यावरच्या अभ्यासात मुलीच्या शिक्षणाचं एक वर्ष वाढलं तर पंचविशीच्या आत होणारी मुलं सरासरी ०.२६ ने घटल्याचं दिसलं.

पैशाआधी मुलं कमी होऊ शकतात याचा सगळ्यात ठळक दाखला बांगलादेश. सत्तरच्या दशकात जननदर सहाच्या वर, देश जगातल्या सर्वांत गरीब देशांपैकी एक. तिथे घरोघर जाणाऱ्या स्त्री कार्यकर्त्यांनी गर्भनिरोधकं दारात पोचवली. १९९४ पासून ग्रामीण भागातल्या सहावी ते दहावीच्या मुलींना देशभर विद्यावेतन सुरू झालं. त्याला अटी तीन: ७५ टक्के हजेरी, परीक्षेत ४५ टक्के गुण आणि लग्न झालेलं नसणं. तिसरी अट बारकाईने बघा. रक्कम किरकोळ होती, पण मुलगी अविवाहित राहिली तर घरात पैसा येतो, एवढ्या एका गोष्टीने बापाचा हिशोब हलला. आज तिथला जननदर दोनच्या आसपास आहे. इराणमध्ये ऐंशीच्या दशकाच्या मध्याला तो साडेसहाजवळ होता आणि २००० च्या सुमारास दोनपर्यंत उतरला. गावोगावची आरोग्य केंद्रं आणि ग्रामीण मुलींचं शिक्षण तिथे एकाच काळात वाढलं.

धावत्या पट्ट्यावरची शाळा

आता उलट दिशा. लोकसंख्या शिक्षणाचं काय करते?

एक सोपा नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. ७० ला वाढीच्या टक्केवारीने भागलं की दुप्पट व्हायला किती वर्षं लागतील ते मिळतं. लोकसंख्या वर्षाला ३.३ टक्क्यांनी वाढत असेल तर ७० भागिले ३.३, म्हणजे २१ वर्षं. या देशाने २१ वर्षांत वर्गखोल्या, शिक्षक, पुस्तकं सगळं दुप्पट केलं तर तो आहे तिथेच राहिला. व्यायामशाळेतल्या पट्ट्यावर धावल्यासारखं. घाम खरा, अंतर शून्य.

अर्थव्यवस्थेचंही तेच. ती ४ टक्क्यांनी वाढते आहे आणि लोकसंख्या ३.३ टक्क्यांनी, तर माणशी वाढ उरली ०.७ टक्के. उत्पन्न दुप्पट व्हायला शंभर वर्षं. लोकसंख्येची वाढ १ टक्का असती तर माणशी ३ टक्के, म्हणजे तेवीस वर्षं. एका पिढीचा प्रश्न आणि चार पिढ्यांचा प्रश्न, यातला फरक तेवढाच आहे.

युगांडाने १९९७ मध्ये प्राथमिक शाळेची फी रद्द केली तेव्हा पटसंख्या सुमारे ३० लाखांवरून एका वर्षात ५० लाखांच्या पुढे गेली. मलावीत १९९४ मध्ये साधारण १९ लाखांवरून २९ लाखांवर. फी काढायलाच हवी होती. पण शिक्षक एका वर्षात तयार होत नाहीत. पहिलीच्या वर्गात शंभराहून जास्त मुलं, त्यात निम्मी कुठल्या वयाची ते सांगता येत नाही, आणि एक शिक्षक. नोंदी सुधारल्या, वाचन नाही.

सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतल्या गरिबीचं कोडंही इथेच सुटतं. २.१५ च्याही आधीच्या १.९० डॉलरच्या रेषेने मोजलं तर १९९० ते २०१८ मध्ये तिथे अतिगरिबांचं प्रमाण निम्म्याहून जास्त होतं ते सुमारे ४० टक्क्यांवर आलं. त्याच काळात अतिगरिबांची संख्या मात्र सुमारे २८ कोटींवरून ४३ कोटींवर गेली. प्रमाण घटलं, माणसं वाढली. दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि राजकारणी आपापल्या सोयीचं उचलतात.

पटावर नाव आणि डोक्यात अक्षर

या सगळ्या विषयात सर्वांत जास्त फसवणूक ज्या आकड्याने होते तो म्हणजे पटनोंदणी. मूल शाळेत आहे, म्हणजे ते शिकतं आहे, असं गृहीत धरून सगळे हिशोब केले जातात. शाळेचं प्रत्येक वाढीव वर्ष कमाई सरासरी ९ टक्क्यांनी वाढवतं, हा जगभर सांगितला जाणारा आकडा घ्या. तो सरासरीचा आहे. ज्या वर्षात मूल काहीच शिकलं नाही ते वर्ष ९ टक्के कुठून देणार?

दहा वर्षांच्या मुलाला साधा मजकूर वाचून समजत नसेल तर त्याला जागतिक बँक अध्ययन-गरिबी म्हणते. कोविडपूर्वी कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत अशी ५७ टक्के मुलं होती. शाळा बंद राहिल्यानंतर, २०२२ मध्ये, तो अंदाज ७० टक्क्यांवर गेला. भारतातल्या ग्रामीण भागाचं 'असर' सर्वेक्षण घरी जाऊन मुलांना वाचायला लावतं. २०२४ मध्ये तिसरीतल्या २७.१ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला, पाचवीतल्या ४८.८ टक्के मुलांना. म्हणजे पाच वर्षं शाळेत काढूनही निम्म्यांहून जास्त मुलं दुसरीच्या धड्यावर अडलेली.

बिघडतं कुठे? शिक्षक गैरहजर असणं हे एक कारण आहे. २००२-०३ मध्ये सहा देशांत न कळवता दिलेल्या भेटींत सरासरी १९ टक्के शिक्षक जागेवर नव्हते, भारतात सुमारे २५ टक्के. पण सगळे शिक्षक हजर राहिले तरी प्रश्न संपणार नाही, कारण मोठा दोष अभ्यासक्रमाच्या वेगात आहे. पहिली-दुसरीत मूल वाचायला शिकतं आणि तिसरीपासून वाचून शिकू लागतं, असं पुस्तक धरून चालतं. ज्याला तिसरीत वाचता येत नाही त्याच्यासाठी भूगोल, विज्ञान, गणितातली शाब्दिक उदाहरणं ही सगळी दारं एकदम बंद होतात. शिक्षक मात्र पुस्तक संपवायला बांधलेला. तो पुढे जातो, मूल मागे राहतं आणि अंतर दरवर्षी वाढत जातं. घरच्या भाषेपेक्षा वेगळ्या भाषेत पहिली सुरू झाली असेल तर हे आणखी लवकर घडतं.

यावर चाललेला उपाय अगदी साधा आहे. प्रत्येक मुलाला एकेकट्याने, काही मिनिटं, तोंडी तपासायचं: अक्षर येतं का, शब्द येतो का, परिच्छेद येतो का, गोष्ट येते का. मग तिसरी ते पाचवीच्या मुलांचे इयत्तेप्रमाणे नाही तर येण्याप्रमाणे गट करायचे. रोज एक-दोन तास त्या गटाला त्याच्या पातळीचंच शिकवायचं. ठरावीक दिवसांनी पुन्हा तपासून पुढच्या गटात सरकवायचं. 'प्रथम' संस्थेने भारतात रुजवलेली ही पद्धत पुढे आफ्रिकेतल्या अनेक देशांनी घेतली. ती फसते तीही एका ठरलेल्या जागी. शिक्षकांना साहित्य आणि प्रशिक्षण दिलं, पण वेळापत्रकात तास राखून ठेवला नाही, तर अभ्यासक्रम तो वेळ खाऊन टाकतो आणि परिणाम जवळजवळ शून्य येतो. हरियाणात तास वेगळा काढला आणि त्यावर देखरेख ठेवली तेव्हा सरकारी शिक्षकांच्या हातूनच फरक पडला.

इथे वयोरचनेशी सांधा जुळतो. लाभांशाची वीस-तीस वर्षं मिळतात ती एकदाच. त्या काळात कामाला लागणारं माणूस त्याच्या बारा-पंधरा वर्षं आधी पहिलीत बसलेलं असतं. म्हणजे २०४० मध्ये कामगार किती कुशल असतील ते आजच्या दुसरी-तिसरीच्या वर्गात ठरतं आहे. तेव्हा जाग आली तर वर्ग भरवायला मुलंच कमी असतील.

"मग सरळ सक्ती का करू नये?"

चीनचं उदाहरण इथे हमखास येतं. पण आकडे पाहा. चीनचा जननदर १९७० मध्ये सुमारे ५.८ होता, तो १९७९ पर्यंत २.८ च्या आसपास आला होता. एक-मूल धोरण त्यानंतर आलं. घसरणीचा मोठा भाग त्याआधीच झाला होता, 'उशिरा लग्न, जास्त अंतर, कमी मुलं' या मोहिमेत. तिच्यातही दडपण होतंच, हे लपवायचं कारण नाही. एक-मूल धोरणाने पुढे जे मागे ठेवलं ते असं: शंभर मुलींमागे ११५ हून अधिक मुलगे जन्मण्याची वर्षं आणि वेगाने म्हातारा होणारा देश. २०१५ अखेर ते धोरण सोडलं, २०२२ पासून लोकसंख्या घटते आहे. जन्म वाढवण्याचे प्रयत्न मात्र फारसे फळलेले नाहीत.

भारताचा अनुभव आणखी बोचरा. १९७४ च्या बुखारेस्ट इथल्या जागतिक लोकसंख्या परिषदेत भारताचे मंत्री करण सिंग यांनी विकास हेच सर्वोत्तम गर्भनिरोधक असल्याचं सांगितलं. दोनच वर्षांनी त्यांच्याच धोरणाने राज्यांना सक्तीची मुभा दिली. १९७६-७७ मध्ये ८० लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, १९७७ मध्ये सरकार पडलं, आणि लोक कुटुंबनियोजनाच्या कार्यकर्त्यांना टाळू लागले. इराण आणि बांगलादेश तशी सक्ती न करता त्याच ठिकाणी पोचले.

"शिकून बेकारच राहायचं असेल तर?"

ही तक्रार खरी आहे. ट्युनिशियात २०१० च्या अखेरीस जो उद्रेक झाला त्यात पदवी घेऊन रिकाम्या बसलेल्या तरुणांचा मोठा भरणा होता. शिक्षण माणसाला कामायोग्य करतं, काम निर्माण करत नाही. कोरियाने शाळांबरोबर निर्यातीचे कारखाने उभारले, आणि त्यांत आधी कापड, विग, प्लायवूड अशी कमी कौशल्याची कामं होती. प्राथमिक शिक्षण झालेल्यांना ती करता येत होती. कौशल्याची शिडी आणि शाळेची शिडी साधारण सारख्या उंचीच्या होत्या. जिथे विद्यापीठं भराभर वाढली आणि कारखाने नाही, तिथे पदवी ही सरकारी नोकरीच्या रांगेतली चिठ्ठी होऊन बसते.

एक गोष्ट मात्र नीट वाचायला हवी. सुशिक्षितांमध्ये बेकारी जास्त दिसते याचं एक कारण असं की गरिबाला बेकार राहणं परवडतच नाही. तो मिळेल ते काम घेतो आणि आकडेवारीत 'रोजगार असलेला' म्हणून मोजला जातो. वाट बघू शकतो तो बेकार म्हणून दिसतो.

लाभांशाची खिडकी बंद होते तेव्हा

कमी मुलांची पिढी मोठी होते तसे कमावते हात कमी पडू लागतात आणि आधीची मोठी पिढी म्हातारी होते. अवलंबित्व पुन्हा वाढतं, या वेळी वरच्या टोकाकडून. ६५ वर्षांवरच्यांचं प्रमाण ७ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर जायला फ्रान्सला सुमारे ११५ वर्षं लागली. जपानला २४ आणि दक्षिण कोरियाला १८. जननदर जितक्या झपाट्याने पडतो तितकी ही मुदत आखडते. आज ज्यांचा दर वेगाने उतरतो आहे त्या देशांना फ्रान्सइतका वेळ मिळणार नाही.

मुलांचा भार आणि वृद्धांचा भार सारखा नसतो. मुलावरचा खर्च पुढे कमाई होऊन परत येतो. वृद्धाचा आधार त्याने तरुणपणी साठवलेल्या पैशावर किंवा निवृत्तिवेतनावर असतो, आणि विकसनशील देशांतले बहुतेक कामगार कुठल्याच निवृत्तिवेतन योजनेत नसतात. आज ३५ वर्षांचा असलेला मजूर तीस वर्षांनी ६५ चा होईल. त्याच्या नावावर वर्गणी जमा व्हायला सुरुवात व्हायची असेल तर ती आत्ताच व्हायला हवी, कारण उशिराने सुरू केलेल्या योजनेत भरायला वर्षंच उरत नाहीत.

कोरियाचंच बघा. तिथली राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना १९८८ मध्ये सुरू झाली आणि शहरांतल्या स्वयंरोजगार करणाऱ्यांपर्यंत पोचायला १९९९ उजाडलं. ज्यांनी साठ-सत्तरच्या दशकांत कारखान्यांत राबून देशाचं उत्पन्न वाढवलं आणि मिळालेला पैसा मुलांच्या शिक्षणात घातला, त्यांच्या खात्यात वर्गणीची वर्षं पुरेशी नव्हती. आता ६५ वर्षांवरचे तिथे लोकसंख्येच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त आहेत. त्यांच्यातले सुमारे ४० टक्के देशाच्या मध्यम उत्पन्नाच्या निम्म्याहूनही कमी पैशात जगतात, आणि अनेक जण सत्तरी उलटल्यावरही रद्दीचे पुठ्ठे गोळा करून विकतात.